दांडी मारणारी दांडी

दिवाळी अंकाचा मजकूर मागताना संपादक महाशयांनी यंदा हळूच सुचवले होते, "जरा सणाला शोभेल असं काही लिहा." म्हणजे विजेच्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ का विझते, आकाशकंदिलाची वायर नेमकी कुठे चेपते, असे काहीतरी. विषय वाईट नाही. पण ज्या वाचकांनी या पानाच्या नादाने घरातल्या इस्त्र्या उघडल्या, मिक्सरचे वॉशर बदलले आणि भिंतीवरचे घड्याळ तिरके टांगून चालवण्याचा हट्ट सोडला, त्यांना माळेचे काय मोठेसे? म्हणून यंदा मी तुम्हांला विमानाच्या दुरुस्तीला नेणार आहे. घाबरू नका. विमान फोमचे आहे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले तर माझ्या छत्रीहून थोडेसेच लांब. शिवाय बिघडले होते ते विमान नव्हेच. पण हे कळायला आम्हांला तीन अपघात आणि एका मुलाचे रडू एवढी किंमत मोजावी लागली.

मुलगा म्हणजे माझा भाचा. नववीत आहे. नाशिकच्या मुलाला विमानाचे वेड लागावे यात नवल काहीच नाही. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना निघाला तो मिग-२१ बांधण्यासाठी. ते मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाले, आणि बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरहून नवे तेजस मार्क-१ए आकाशात गेले. ही तारीख मला पाठ आहे, कारण घरात ती दिवसातून दोनदा तरी ऐकावी लागे. आम्ही लहानपणी कागदाची विमाने केली. वर्गात गुरुजींच्या पाठीवर आदळली की छडी मिळे आणि तिथे आमचे विमानशास्त्र संपे. हल्लीच्या मुलांचे तसे नाही. त्यांना उडवायला खरे इंजिन-पंख्याचे विमान हवे, आणि जमिनीवर उभे राहून ते चालवायला हातात ट्रान्समीटर हवा.

ट्रान्समीटर म्हणजे काय ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही हातांत मावेल अशी पेटी, तिच्या तोंडावर एक डावीकडे आणि एक उजवीकडे अशा दोन आखूड दांड्या. डावी वर-खाली केली की इंजिनाचा जोर कमी-जास्त, आडवी केली की शेपटीचे उभे सुकाणू. उजवी आडवी केली की पंखांच्या पाट्या हलून विमान कलते, आणि पुढे-मागे केली की शेपटीची आडवी पाटी हलून नाक खाली-वर होते. (काही देशांत डाव्या-उजव्याची ही वाटणी उलटी असते. आपण आपली वाटणी धरून चालू.) वैमानिक विमानात नाही, मैदानात उभा आहे, त्याच्या मनात आहे ते विमानाला कळण्याचा मार्ग या दोन दांड्यांखेरीज दुसरा नाही.

मेव्हण्यांनी वाढदिवसाला विमान आणले. पहिल्या आठवड्यात ते पडले. नवशिक्या आहे, पडणारच, असे सगळे म्हणाले. नाकाला फोमचा गोंद लावला. दुसऱ्यांदा पडले तेव्हा ताई म्हणाली, "अरे, लक्ष कुठे असतं तुझं?" तिसऱ्यांदा ते पडले ते एका बाईंपासून दहा पावलांवर. मैदानाच्या कडेने त्या नातवाला हाताशी धरून चालल्या होत्या. विमान अर्धा-पाऊण किलोचे, पण पंखा फिरत होता आणि वेग दुचाकीचा होता. बाई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या पोराला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. त्या दिवशी मेव्हण्यांनी निकाल दिला, "हात नाही त्याचा. पुरे झालं." विमान माळ्यावर गेले. पोराने वाद घातला नाही, आणि मला वाटते तेच सर्वांत वाईट झाले.

पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा माळ्यावरून विमानाची शेपटी डोकावत होती. विचारले तर म्हणाला, "बाबा म्हणतात ते खरंय मामा. माझा हातच नाही."

मला दुरुस्तीचे काम कुणी शिकवले असेल तर ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आले की ते रेडिओकडे बघत नसत. आधी विचारत, "काय होतं? कधी होतं? त्या वेळी तुम्ही काय करत होतात?" मी भाच्याला तेच विचारले. पडायच्या आधी काय केलेस?

"काहीच नाही. तेच तर! दांडी सोडली होती मी. सरळ चाललं होतं. एकदम नाक खाली."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. मी सांगितलं होतं सगळ्यांना."

सांगितले होते. ताईला, बाबांना, आजीला, सगळ्यांना. आणि आम्ही सगळ्यांनी ते परीक्षेत पेपर अवघड होता असे सांगणाऱ्या मुलाच्या सुरात ऐकले होते. हात दांडीवर नसताना विमान पडले, तर तो हाताचा दोष कसा? हा प्रश्न घरातल्या तीन पदवीधरांपैकी एकालाही सुचला नव्हता. त्यांत मीही आलो.

विमान खाली काढले. पहिले काम, आणि हे सर्वांनी लक्षात ठेवावे असे: विमानाचा पंखा काढून बाजूला ठेवला. बॅटरी जोडून टेबलावर तपासणी करताना पंखा अचानक फिरला तर बोट राहात नाही. मग ट्रान्समीटर सुरू केला, विमान सुरू केले, आणि आम्ही दोघे हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसलो. दोन मिनिटे काही नाही. ताई चहा घेऊन आली आणि तिने कप टेबलावर ठेवला. त्या धक्क्यासरशी शेपटीची पाटी टणकन खाली गेली आणि परत आली.

"पाहिलंस?" भाचा ओरडला. पाहिले. ताईनेही पाहिले, आणि ती तिथेच बसली.

आता दोष कुठे? विमानात की पेटीत? शेपटीची पाटी हलवणारी एक चिमुकली मोटार असते, तिला सर्व्हो म्हणतात. तिला सेकंदातून पन्नास वेळा विजेचा एकेक ठोका मिळतो. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट लांबीचा असला तर पाटी मध्यावर. एकपट झाला तर एका टोकाला, दुप्पट झाला तर दुसऱ्या. मोटार बिघडली असेल तर पाटी फडफडणार, आणि ठोकाच चुकीचा येत असेल तरी फडफडणार. बाहेरून दोन्ही सारखेच. आम्ही काय केले, विमानातल्या रिसीव्हरवर पंखाच्या मोटारीची पिन आणि शेपटीच्या मोटारीची पिन यांची अदलाबदल केली. आता फडफडू लागला पंख आणि शेपटी शहाण्यासारखी गप्प. म्हणजे मोटारी दोन्ही निर्दोष. खोटी बातमी वरूनच येत होती. रेडिओ-लहरींचा घोटाळा असता तर चारही चॅनल बिघडायचे. इथे एकच बिघडत होता. संशय उरला तो उजव्या दांडीच्या पुढे-मागे हालचालीवर. ट्रान्समीटरच्या पडद्यावर चारही हालचालींच्या पट्ट्या दिसण्याची सोय होती. दांडीला हात न लावता त्या पाहिल्या. तीन पट्ट्या स्तब्ध. चौथी जागच्या जागी थरथरत होती, गारठलेल्या माणसासारखी.

पेटी उघडण्यापूर्वी आतली बॅटरी काढली. पाठीचे चार स्क्रू काढले आणि झाकण हळूच उचलले, कारण त्याला आतून तारा जोडलेल्या असतात आणि झाकण खेचून त्या तोडण्याचा मान उत्साही माणसालाच मिळतो. प्रत्येक पायरीला भाचा मोबाइलवर फोटो काढीत होता. पूर्वी आम्ही कागदावर आकृती काढायचो आणि नंतर स्वतःचीच आकृती वाचता येत नसे. फोटो बरा.

दांडीखालची रचना पाहण्यासारखी असते. एकात एक बसवलेल्या दोन चौकटी. एक आडव्या आसावर डोलते, दुसरी उभ्या. तबल्यावर बोट टेकावे इतक्या हलक्या दाबाने दोन्ही हलतात, आणि सोडले की बारीक स्प्रिंगा त्यांना मध्यावर आणून बसवतात. प्रत्येक आसाच्या टोकाला चण्याएवढी एक डबी असते. तिला तीन तारा. या डबीचे नाव पोटेन्शिओमीटर; दुकानदार नुसते 'पॉट' म्हणतात.

नाव मोठे असले तरी हे तुमच्या ओळखीचेच पात्र आहे. जुन्या रेडिओचा आवाज लहान-मोठा करायचे बटण आठवते का? ते फिरवताना ठरावीक जागी खरखर व्हायची, आणि वडील बटणावर टिचकी मारून "हं, आता लागलं" म्हणायचे? त्या बटणामागे हीच डबी होती. आत कार्बनची अर्धगोल पट्टी, तिच्या दोन टोकांना वीज, आणि पट्टीवरून सरकणारे धातूचे एक बारीक बोट. बोट जिथे टेकेल तिथला व्होल्टेज मधल्या तारेतून बाहेर. टोकांना सव्वातीन-साडेतीन व्होल्ट असले तर मध्यावर निम्मे. ट्रान्समीटरमधला संगणक तो व्होल्टेज वाचतो आणि समजतो, दांडी अमुक अंशावर आहे. माणसाचा हात त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त हा व्होल्टेज, आणि तो त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

पट्टी कुठे झिजणार? जिथे बोट सर्वांत जास्त असते तिथे. दांडी बहुतेक वेळ मध्यावरच असते, तिथेच थोडीथोडी हलत राहते, तेव्हा बरोबर मध्यावरच कार्बन घासला जातो, त्याचा भुगा साठतो, आणि बोट क्षणभर हवेत लोंबकळते. रेडिओत अशा वेळी खरखर ऐकू येते. विमानात नाक खाली जाते.

पूर्वी ही भानगड नव्हती, कारण दांडीच नव्हती. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात बिनतारी संदेशावर चालणारी होडी लोकांना दाखवली, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळवले, तेव्हापासून पुढे कित्येक दशके हौशी मंडळींचा कारभार बटणावर होता. बटण दाबले की सुकाणू पूर्ण वळणार, सोडले की सरळ. थोडेसे वळ, असे सांगायची सोयच नाही. हात जेवढा हलेल तेवढेच सुकाणू हलावे ही सोय बाजारात येता येता १९६० नंतरची वर्षे उजाडली. थोडेसे सांगता येऊ लागले, आणि त्याबरोबर थोडेसे चुकीचे सांगितले जाण्याचीही सोय झाली.

असो. आता दुरुस्ती. आई तोवर येऊन उभी राहिली होती आणि तिने तिचे नेहमीचे औषध सुचवले, "शिवणाच्या यंत्राचं तेल सोड दोन थेंब." आमच्या घरात कुरकुरणारे दार, अडकलेले कुलूप आणि रुसलेला पंखा यांवर याच तेलाचे प्रयोग होतात आणि बहुधा ते यशस्वीही होतात. पण इथे नको. तेल पट्टीवर पसरते, कार्बनचा भुगा आणि हवेतली धूळ धरून ठेवते आणि चार दिवसांत चिखल करते. गंजलेले स्क्रू सोडवायचा फवारा मिळतो तोही नको. तोही मागे तेलच ठेवून जातो. यासाठी विजेच्या सांध्यांचा वेगळा फवारा मिळतो, कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून. तो उडून जातो, मागे काही ठेवीत नाही. एक सूचना मात्र कडक: तो पेट घेतो. दिवाळीच्या दिवसांत हे काम कराल तर पणत्या-निरांजने दुसऱ्या खोलीत, आणि फवारल्यावर अर्धा तास बॅटरी लावू नये.

त्याआधी मीटर लावून खात्री करून घेतली. माझा आकडे दाखवणारा नवा मल्टिमीटर म्हणाला, सर्व ठीक आहे. दोन टोकांत चार हजार आठशे ओहम, म्हणजे पाच हजारांची डबी. मधल्या तारेवर लावून दांडी हळूहळू फिरवली, आकडे चढले, उतरले. तक्रार नाही. पण आकड्यांचा मीटर सेकंदातून दोन-तीनदा बातमी देतो. मधल्यामध्ये काय घडले ते त्याच्या गावी नसते. मग कपाटाच्या तळातून जुना काट्याचा मीटर काढला. दांडी मध्यावरून मुंगीच्या पावलाने नेली आणि काटा सणकन डावीकडे जाऊन आदळून परत आला. पुन्हा नेली, पुन्हा आदळला. भाच्याने मीटर स्वतःच्या हातात घेतला आणि दहा-बारा वेळा तेच केले. मला वाटते, त्याला तो काटा बघायचाच होता. मग तो पेटी आणि मीटर घेऊन बाहेरच्या खोलीत बाबांकडे गेला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. मेव्हणे आत आले ते चष्मा पुसत, आणि म्हणाले, "मलाही जरा दाखवा हो, हे कसं करतात."

फवारा मारला, दांडी शंभर वेळा पुढे-मागे केली, वाळू दिली. पडद्यावरची चौथी पट्टी बाकीच्या तिघींसारखी शांत झाली. इतर लेखक इथे लेख संपवतात आणि तुम्हांला फवारा आणायला पाठवतात. मी नाही संपवत, कारण तीन दिवसांनी ती पुन्हा थरथरू लागली. भुगा धुता येतो. झिजून गेलेला कार्बन धुऊन परत येत नाही. फवाऱ्याने आजार कळतो आणि एखादा रविवार निभतो, एवढेच. ज्या यंत्राच्या चुकीने दुसऱ्याचे नातवंड जखमी होऊ शकते, तिथे एका रविवारावर भागवू नये. डबी बदलायलाच हवी होती.

ओझरच्या तेजस विमानातही दांडीपासून शेपटीपर्यंत सळ्या जात नाहीत. तिथेही दांडीची हालचाल विजेच्या संदेशानेच जाते. मिग-२१ मध्ये सळ्या होत्या आणि जोराला तेलाच्या दाबाची मदत. मग तेजसच्या दांडीने दांडी मारली तर? म्हणून तिथे एकाच बातमीदारावर भिस्त ठेवीत नाहीत. नियंत्रणाची व्यवस्था चौपदरी असते. चौघांच्या बातम्या ताडून पाहायच्या, एखादा भलतेच सांगू लागला की त्याला बाजूला सारायचे आणि उरलेल्यांच्या साक्षीवर उडायचे. आमच्या पोराच्या पेटीत साक्षीदार एकच होता, आणि तो फुटला होता.

नव्या डबीसाठी महात्मा गांधी रस्त्यावर फिरलो. एका दुकानात 'पॉट' म्हणताच काउंटरवर मूठभर ओतले. त्यांत दोन सापळे होते. एक, दांडा जाड आणि लांब. आपल्या चौकटीत शिरणार नाही. दुसरा सापळा डोळ्यांना दिसत नाही. डबीवर बहुधा अक्षर असते, 'ए' किंवा 'बी'. 'बी' म्हणजे सरळ चढणारी, जेवढी फिरवाल तेवढाच फरक. 'ए' म्हणजे रेडिओच्या आवाजासाठी केलेली, जिची चढण सुरुवातीला मंद आणि पुढे एकदम उभी, कारण माणसाच्या कानाला तशीच आवाजाची वाढ सारखी वाटते. ती विमानाला लावली तर दांडी एकीकडे हलवल्यावर मुंगी आणि दुसरीकडे हलवल्यावर बैल. दुकानदाराने मला 'ए'च काढून दिली होती, तीही अगत्याने. मी आभार मानून परत आलो.

अखेर डबी मिळाली ती भाच्याच्या ओळखीच्या एका दादाकडच्या भंगारात, त्याच बनावटीच्या मेलेल्या ट्रान्समीटरमध्ये. त्यात अशा चार डब्या होत्या. कोणती घ्यावी? मी उजव्या दांडीची काढायला निघालो, तर भाचा म्हणाला, "मामा, ती कशाला? ती पण झिजलेलीच असेल. डावीची आडवी काढ ना. सुकाणू सर्वांत कमी वापरतात." काट्याच्या मीटरवर लावून पाहिली, काटा पाळण्यासारखा डोलला, कुठे अडखळला नाही. मी चाळीस वर्षे स्क्रू-ड्रायव्हर धरतो आहे, पण हे मला सुचले नव्हते हे इथे नमूद करून ठेवतो.

जुन्या तारा सोडवायच्या, नव्या डबीला डाख द्यायचा. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, डबीचे प्लास्टिक वितळते. नंतर एक नाजूक काम असते. डबी चौकटीत घट्ट करण्याआधी तिचा मध्य आणि दांडीचा मध्य जुळवायचा. टोकांना तीन पूर्णांक तीन दशांश व्होल्ट होते, तेव्हा दांडी मोकळी सोडून मधल्या तारेवर एक पूर्णांक पासष्ट शतांश येईपर्यंत डबी केसाकेसाने फिरवली आणि मग स्क्रू आवळला. शेवटी ट्रान्समीटरच्या यादीतून दांडीची ओळख पुन्हा करून द्यायची: मध्य दाखवायचा, चारही कोपऱ्यांपर्यंत नेऊन आणायची, साठवायचे. पडदा शांत. मेव्हण्यांनी स्वतः टेबलावर कप आपटून पाहिला. शांत.

मी झाकण लावून चौथा स्क्रू पिळत होतो. भाचा विमान हातात धरून शेपटीकडे बघत होता. "मामा, थांब. मी दांडी मागे ओढतोय. पाटी वर जायला हवी."

पाटी खाली जात होती.

डबीच्या दोन टोकांच्या तारा मी उलट जोडल्या होत्या. काम इतके सुबक झाले होते की मीटरला, पडद्याला आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही. मध्य मध्यावरच होता, थरथर नव्हती, फक्त वर म्हणजे खाली आणि खाली म्हणजे वर. तसेच उडवले असते तर विमान जमिनीवरून उठताच, पोराने घाबरून दांडी मागे ओढताच, आणखी जोराने जमिनीत घुसले असते. चौथा अपघात. आणि त्या वेळी कुणी मीटर काढला नसता. सगळे पुन्हा त्याच्या हाताकडेच बघत राहिले असते. दिशा उलटवायची सोय पेटीच्या यादीत असते, पण मी झाकण पुन्हा काढले आणि तारा सरळ केल्या. चुकीवर चूक टाकून बरोबर करण्याची सवय घराच्या वायरिंगमध्ये पाहिली आहे; पुढच्या माणसाला ती महागात पडते.

ज्यांना ही दगदग नको त्यांच्यासाठी सांगतो, हल्लीच्या बऱ्या ट्रान्समीटरमध्ये कार्बनची पट्टीच नसते. दांडीला लहानसे चुंबक असते आणि त्याचे फिरणे शेजारचा एक तुकडा न शिवता ओळखतो. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ साली चुंबकाचा विजेवर होणारा जो परिणाम शोधला, त्यावर हे चालते. घासणे नाही म्हणून झिजणे नाही. दुसऱ्यांदा पेटी घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढे विचारा.

मैदान मात्र आम्ही बदलले. नाशिकला ओझरचा विमानतळ आहे, देवळालीला तोफखान्याचे केंद्र आहे, गांधीनगरला लष्करी वैमानिकांची शाळा आहे. कुठेही उभे राहून उडवावे असे हे गाव नव्हे. २०२१ साली ड्रोनचे नियम आले तेव्हा सरकारने हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांचा नकाशाही काढला. तो पाहून, त्र्यंबक रस्त्याने बरेच पुढे, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक माळावर, त्याला विचारून गेलो. रविवारची सकाळ, माणूसकाणूस नाही, दूर दोन म्हशी. मेव्हणे थर्मास घेऊन आले होते. आधी पंखा न लावता भाच्याने विमान जमिनीवर ठेवले आणि ट्रान्समीटर घेऊन साठ पावले चालत गेला. मी विमानापाशी बसून पाट्या बघत होतो. दांडी मागे, पाटी वर. दांडी पुढे, पाटी खाली. हात सोडला, पाटी स्तब्ध. मग पंखा लावला.

विमान उठले. माळावर तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत भाच्याने दोन्ही हात दांड्यांवरून काढून वर केले, आम्हांला दिसतील असे, आणि विमान सरळ रेषेत चालत राहिले. मेव्हणे काही बोलले नाहीत. थर्मासचे झाकण त्यांच्या हातातच राहिले होते.

उतरवताना त्याने जोर फार लवकर काढला. विमान माळाच्या कडेच्या निवडुंगात शिरले आणि पंख्याचे एक पाते तुटले. आम्ही धावलो. तो आमच्याआधी पोचला होता, तुटके पाते हातात घेऊन हसत होता.

"मामा, बाबा, ही माझी चूक हं!" तो म्हणाला. "ही पूर्ण माझी!"